गिरणगावाने कोळसा सोडला तेव्हा

परळचा भोईवाडा आज ओळखला जातो तो आसपासच्या मोठ्या रुग्णालयांमुळे. केईएम रुग्णालय (१९२६), टाटा स्मारक रुग्णालय (१९४१), वाडिया बाल रुग्णालय, हाफकिन संस्था ही सारी इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. वस्तीचे नाव मात्र या सगळ्यांहून जुन्या काळातले आहे. भोई म्हणजे पालखी-मेणे वाहणारे आणि नदी-तळ्यांत मासे धरणारे लोक. त्यांची वस्ती तो भोईवाडा. माणसाला एका जागेहून दुसऱ्या जागी नेण्यासाठी लागणारी ऊर्जा दुसऱ्या माणसाच्या खांद्यातून येत असे, त्या काळाची ही खूण आहे. पुढे याच परिसरात वाफेची इंजिने धडधडू लागली, आणि त्यानंतर घाटावरून तारांतून वीज आली. म्हणजे कार्यशक्तीचा स्रोत एकाच जागी दोनदा बदलला.

हवामानबदलाची चर्चा आता शाळेच्या पाठ्यपुस्तकांतही आली आहे. कोळसा जाळणे कमी केले पाहिजे, आणि तेही लवकर, हे त्या चर्चेतले मुख्य सूत्र. यावर वर्गात हमखास दोन प्रश्न येतात. 'एवढ्या मोठ्या शहराला कोळसा सोडणे शक्य तरी आहे का?' आणि 'त्याची किंमत कोण देणार?' या दोन्ही प्रश्नांची उत्तरे शोधायला आपल्याला परदेशात जायला नको. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांनी आपली चाके कोळशावरून पाण्यावर नेली होती. तो इतिहास आपण या लेखात पाहू. तो पूर्णपणे अभिमानाचा नाही, आणि म्हणूनच आज उपयोगी आहे.

कोळशावर चालणारे गाव

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिली कापड गिरणी उभारायला घेतली. १८५६ मध्ये ताडदेवला तिचे उत्पादन सुरू झाले. विसावे शतक उजाडले तेव्हा मुंबई बेटावर ऐंशीच्या आसपास गिरण्या होत्या. परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा, वरळी या पट्ट्याला 'गिरणगाव' हे नाव पडले ते उगीच नाही.

त्या काळची गिरणी कशी चालत असे? एका बाजूला बॉयलर. त्यात कोळसा जाळून पाण्याची वाफ करायची. वाफेने भले मोठे इंजिन फिरायचे. इंजिनाचे चाक दोरांनी किंवा पट्ट्यांनी मजल्यामजल्यांवरच्या लांबलचक दांड्यांना जोडलेले असे. त्या दांड्यांवरून पुन्हा पट्टे निघत आणि प्रत्येक साच्यापर्यंत पोचत. म्हणजे शेकडो यंत्रे एकाच इंजिनाला बांधलेली. चार साचे चालवायचे असले तरी सारी दांडी फिरवावी लागे. कोळशातल्या उष्णतेपैकी सुमारे नऊ दशांश भाग धुराड्यातून, वाफेतून आणि घर्षणातून वाया जात असे.

मुंबईजवळ कोळशाची खाण नाही. बंगाल-बिहारच्या खाणींतला कोळसा दीड हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापून रेल्वेने किंवा कलकत्त्याहून जहाजाने यायचा. काही कोळसा तर थेट ब्रिटनमधल्या वेल्समधून येत असे. कोळशाच्या भावापेक्षा त्याची वाहतूक गिरणीमालकांना अधिक सतावत होती. ही गोष्ट लक्षात ठेवू, कारण पुढच्या बदलाचे मूळ इथे आहे.

धुराचा कायदा

धुराड्यांच्या खाली राहणाऱ्यांना मात्र भाव आणि वाहतूक यांपेक्षा धूर जवळचा होता. वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी, खिडकीत काजळी, छातीत काजळी. तक्रारी वाढत गेल्या. बंगालमध्ये १९०५ साली धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा झाला होता. त्याच धर्तीवर मुंबई इलाख्यात १९१२ साली कायदा झाला. गिरण्यांच्या धुराड्यांवर लक्ष ठेवायला तपासनीस आले.

धूर किती काळा आहे हे मोजायचे कसे? फ्रान्समधल्या मॅक्सिमिलियन रिंगेलमन यांनी १८८८ च्या सुमारास एक सोपा तक्ता तयार केला होता. पांढऱ्या कागदावर काळ्या रेषांच्या जाळ्या आखायच्या, क्रमाने २०, ४०, ६०, ८० टक्के काळ्या. शून्य क्रमांक म्हणजे कोरा कागद, पाच क्रमांक म्हणजे पूर्ण काळा. तक्ता दूर धरला की रेषा डोळ्यांत मिसळतात आणि करड्या रंगाच्या छटा दिसतात. धुराची छटा तक्त्यातल्या ज्या छटेशी जुळेल, तो त्या धुराचा क्रमांक. जगातल्या अनेक शहरांनी धूर मोजायला हा तक्ता वापरला.

आता यातला विज्ञानाचा मुद्दा पाहू. काळा धूर म्हणजे न जळलेला कार्बन. कोळसा एकदम भरपूर टाकला, हवा कमी पडली की धूर काळा होतो. भट्टीला हवा नीट मिळाली, कोळसा थोडा थोडा टाकला, की कार्बन पूर्ण जळतो आणि धुराड्याच्या तोंडाशी जवळजवळ काहीच दिसत नाही. तपासनीस खूश, शेजारी खूश, आणि कोळशाची बचत होते म्हणून मालकही खूश. पण तो कार्बन नाहीसा झालेला नसतो. तो कार्बन डाय-ऑक्साइड होऊन हवेत मिसळलेला असतो.

किती? साधा हिशेब करता येतो. कोळशात ६० टक्के कार्बन आहे असे धरू. मग एक टन कोळशात ६०० किलो कार्बन. १२ ग्रॅम कार्बन जळला की ४४ ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड तयार होतो. म्हणून ६०० गुणिले ४४ भागिले १२, म्हणजे २,२०० किलो. एक टन कोळसा जळला की दोन टनांहून अधिक अदृश्य वायू. वजन वाढलेले पाहून मुले चकित होतात. वाढलेले वजन हवेतल्या ऑक्सिजनचे असते, हे त्यांना शोधू द्यावे.

गंमत अशी, की १९१२ चा कायदा झाला तेव्हा या अदृश्य वायूबद्दलचा हिशेब प्रसिद्ध होऊन सोळा वर्षे झाली होती. स्वीडनमधल्या स्वान्ते अर्‍हेनिअस या रसायनशास्त्रज्ञाने १८९६ च्या वसंतात एक निबंध प्रसिद्ध केला. हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वीचे तापमान किती वाढेल, हे त्याने हाताने आकडेमोड करून काढले. त्याचे उत्तर पाच-सहा अंश सेल्सिअस असे आले. आजच्या अंदाजापेक्षा ते जास्त आहे, पण दिशा अचूक होती. त्याच वर्षी मुंबईत प्लेगची साथ आली. भोईवाड्याशेजारी वॉल्डेमार हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ साली आली ती त्या साथीमुळे. डोळ्यांपुढे माणसे मरत असताना दूर देशातल्या निबंधाकडे कोण पाहणार? आणि स्वतः अर्‍हेनिअसलाही ही तापमानवाढ व्हायला हजारो वर्षे लागतील असे वाटत होते. जग किती वेगाने कोळसा जाळू लागेल याची त्यालाही कल्पना नव्हती.

घाटावरचे पाणी

मुंबईत कोळसा नाही, पण मुंबईच्या पाठीशी सह्याद्री आहे. पावसाळ्यात लोणावळ्याच्या डोंगरावर कोसळणारे पाणी साठवायचे आणि घाटाखाली सोडायचे, ही कल्पना डेव्हिड गॉस्टलिंग या मुंबईतल्या अभियंत्याने मांडली. जमशेटजी टाटांनी ती उचलून धरली. ते १९०४ साली वारले. काम पुढे नेले त्यांच्या मुलांनी. १९१० साली टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी स्थापन झाली, १९११ मध्ये लोणावळ्याला धरणाची पायाभरणी झाली आणि १९१५ च्या फेब्रुवारीत खोपोलीच्या केंद्रातून वीज मुंबईला आली. लोणावळा, वळवण आणि शिरवता या तलावांतले पाणी नळांतून पाचशे मीटरहून अधिक खाली खोपोलीला उतरायचे. तिथे तयार झालेली वीज सुमारे सत्तर किलोमीटर तारांवरून परळच्या केंद्रात यायची आणि तिथून जमिनीखालच्या केबलींनी गिरण्यांत जायची. गिरणगावाच्या ऊर्जेची नवी गंगा परळलाच उतरली.

पडणाऱ्या पाण्यात किती ऊर्जा असते? एक हजार लिटर पाणी, म्हणजे एक हजार किलो, पाचशे मीटर खाली आले, तर १,००० × ९.८ × ५०० = ४९ लाख जूल. विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल. चक्रे, जनित्रे आणि तारांतली तूट वजा केली तर हातात साधारण एक युनिट उरते. हजार लिटर पाण्याला एक युनिट, हे प्रमाण लक्षात ठेवायला सोपे आहे. आजच्या कोळशाच्या केंद्रात एका युनिटला पाऊण किलोच्या आसपास कोळसा जळतो.

गिरणीमालक या विजेकडे वळले ते धुराच्या तक्रारीमुळे किंवा पृथ्वीच्या काळजीने नव्हे. पहिले महायुद्ध १९१४ साली सुरू झाले होते. जहाजे युद्धाच्या कामाला लागली, रेल्वेवर ताण आला, कोळसा दुर्मिळ आणि महाग झाला. घाटावरचे पाणी मात्र दर पावसाळ्यात फुकट येत होते. शिवाय विजेची मोटर लावली की लांबलचक दांड्या आणि पट्टे नकोत. जे यंत्र चालवायचे तेवढ्यालाच वीज द्यायची. मागणी इतकी वाढली की दुसरी कंपनी निघाली. आंध्रा खोऱ्यातल्या पाण्यावर भिवपुरीचे केंद्र १९२२ मध्ये सुरू झाले. तिसऱ्या टप्प्यात मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याचे केंद्र १९२७ मध्ये सुरू झाले. मधल्या काळात, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी, बोरीबंदर ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची आगगाडी धावली.

१९११ ते १९२७. सोळा वर्षांत तीन धरण-योजना उभ्या राहिल्या आणि देशातल्या सर्वांत मोठ्या औद्योगिक शहराने आपली चाके मोठ्या प्रमाणावर पाण्यावर फिरवायला सुरुवात केली. यंत्रे परदेशातून आणावी लागत असताना, महायुद्ध चालू असताना हे घडले. ऊर्जेत मोठा बदल व्हायला शतक लागते, या समजुतीला हे एक चांगले उत्तर आहे.

पण दोन गोष्टी नोंदवल्या पाहिजेत. पहिली, धुराडी सगळी थंडावली नाहीत. सुताला खळ देणे, कापड धुणे, रंगवणे यांसाठी वाफ लागतेच, आणि त्या वाफेसाठी बॉयलर जळत राहिले. दुसरी गोष्ट कामगारांची. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले तेव्हा सूर्य मावळल्यावरही काम चालू ठेवता येऊ लागले आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. कामगारांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा कायद्याने आली ती १९११ साली. वीज कामगाराला विश्रांती देते की त्याचे काम वाढवते, हे यंत्र ठरवत नाही, माणसांचे नियम ठरवतात.

मुळशीचे मावळे

आता या इतिहासाच्या दुसऱ्या बाजूकडे वळू. परळला वीज आली ती कोणाच्या तरी शेतावरून आली.

मुळशी हे पुणे जिल्ह्यातले खोरे. नीळा आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचे ठरले. पाण्याखाली आणि धरणाच्या क्षेत्रात पन्नासहून अधिक गावे येत होती, सुमारे ११,००० माणसांचा प्रश्न होता. भाताची उत्तम जमीन जाणार होती. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने सरकार खाजगी कंपनीसाठीही जमीन घेऊ शकत होते. शेतकऱ्यांची संमती घेण्याआधीच कामाला सुरुवात झाली.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. मुळशीच्या मावळ्यांनी कामाच्या जागी जाऊन सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट यांनी नेतृत्व केले. बापटांना 'सेनापती' ही पदवी लोकांनी दिली ती याच लढ्यात. काम काही महिने थांबले, पुन्हा सुरू झाले, सत्याग्रहही पुन्हा सुरू झाला. बायका-मुलांसह लोक तुरुंगात गेले. सत्याग्रह १९२४ पर्यंत चालला. शेवटच्या टप्प्यात कामाच्या रेल्वेगाडीला अडवल्याबद्दल बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. धरण पूर्ण झाले.

राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर सविस्तर अभ्यास लिहिला आहे. त्यांनी या लढ्याला जगातले पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले आहे. लढ्यातल्या एका अडचणीकडे त्यांनी लक्ष वेधले. खोऱ्यातली बरीच जमीन पुण्याच्या सावकारांकडे गेलेली होती. जमीन ज्यांच्या नावावर होती त्यांना नुकसानभरपाईत रस होता, जे ती कसत होते त्यांना जमिनीत. भरपाईची चर्चा सुरू झाली तशी लढ्यातली एकी सैल होत गेली. मोबदला जमिनीच्या कागदाला मिळतो, घामाला मिळत नाही, हा अनुभव नंतरच्या अनेक धरणांवर पुन्हा आला.

मुळशीच्या शेतकऱ्यांना वीज नको होती असे नाही. विजेचा निर्णय त्यांना वगळून झाला, हे त्यांचे दुःख होते. त्यांच्या जमिनीवरून तयार झालेली ऊर्जा शंभर किलोमीटर दूरच्या गिरण्यांना मिळाली. पाणी धुरापेक्षा स्वच्छ होते यात शंका नाही. पण 'स्वच्छ' आणि 'न्याय्य' हे दोन वेगळे शब्द आहेत.

आणखी एक हिशेब राहतो. सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेले हे पाणी निसर्गतः पूर्वेकडे, भीमेच्या खोऱ्यात वाहत जाणारे. योजनांनी ते बोगदे आणि नळांतून पश्चिमेला कोकणात वळवले. भीमेचे खोरे म्हणजे पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग, सोलापूर, अहिल्यानगर: बराचसा अवर्षणप्रवण मुलूख. हे पाणी पुन्हा पूर्वेकडे सोडा, ही मागणी तिथून अनेक वर्षे होत आली आहे. आपण वर काढलेले प्रमाण इथे पुन्हा आठवावे. मुंबईतल्या एका युनिटसाठी भीमेच्या खोऱ्यातले हजार लिटर पाणी कमी होते. हवामानबदलामुळे पाऊस अधिक लहरी होईल तसा हा वाद अधिक टोकदार होणार आहे.

कोळसा परत आला

मग आज मुंबई पाण्यावर चालते का? नाही. खोपोली, भिवपुरी आणि भिरा ही केंद्रे अजून चालू आहेत. त्यांची एकूण क्षमता साडेचारशे मेगावॅटच्या आसपास आहे. धरणे लहान झाली नाहीत, शहराची भूक वाढली. घरोघरी दिवे, पंखे, नंतर फ्रिज, उद्वाहक आणि वातानुकूलन यंत्रे आली. १९५६ साली ट्रॉम्बेचे औष्णिक केंद्र सुरू झाले. तिथे वेगवेगळ्या संचांत तेल, वायू आणि कोळसा जळत आला आहे. १९९५ च्या सुमारास डहाणूचे कोळशाचे केंद्र आले. उरलेली वीज राज्याच्या आणि देशाच्या जाळ्यातून येते, तीही मुख्यतः कोळशाची.

इकडे गिरण्यांची धुराडी एकेक करून बंद पडली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार होते. त्यानंतर बहुतेक गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत. त्यांच्या जागी उंच इमारती आल्या. आज लालबाग-परळला धूर दिसत नाही, पण तिथल्या उद्वाहकांसाठी लागणारा कोळसा दूर कुठे चंद्रपूरसारख्या ठिकाणी जळत असतो. १९१२ चा तपासनीस आज परळला आला तर त्याच्या तक्त्यावर शून्य क्रमांक लागेल. रिंगेलमनच्या तक्त्याने जे दिसत नव्हते, ते आता नजरेआडही गेले आहे.

मुंबई महानगरपालिकेने मार्च २०२२ मध्ये 'मुंबई वातावरण कृती आराखडा' प्रसिद्ध केला. त्यात २०१९ सालचा हिशेब आहे. शहराचे हरितगृह वायूंचे उत्सर्जन वर्षाला सुमारे २ कोटी ३४ लाख टन. त्यातला ७२ टक्के वाटा इमारती व उद्योगांतल्या ऊर्जावापराचा, म्हणजे मुख्यतः विजेचा. वाहतूक २० टक्के, कचरा ८ टक्के. वाहनांचा धूर आपल्याला रोज दिसतो म्हणून तोच मोठा दोषी वाटतो. आकडे वेगळे सांगतात.

पाणी भोईवाड्याकडे येते

कोळशाच्या या हिशेबाचे दुसरे टोक भोईवाड्यापासून फार दूर नाही. परळ हे मुळात सात बेटांपैकी एक. बेटांमधल्या खाड्या आणि दलदली गेल्या अडीचशे वर्षांत बुजवल्या गेल्या. त्यामुळे मध्य मुंबईत काही भाग बशीसारखे खोलगट राहिले. हिंदमाता हा त्यांतला प्रसिद्ध भाग. जोराचा पाऊस आणि समुद्राला भरती एकाच वेळी आली की पाणी बाहेर जायला वाट उरत नाही, आणि रुग्णालयांकडे जाणाऱ्या वाटा पाण्याखाली जातात.

जुनी पर्जन्यवाहिनी तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी बांधलेली होती, तीही ओहोटी असताना. ही क्षमता ५० मिलिमीटरपर्यंत वाढवावी अशी शिफारस १९९३ च्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालात झाली. काम रेंगाळले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर. एका शहरातला हा फरक पाहिला की सरासरी पावसावर गटारे बांधणे किती अपुरे आहे हे कळते. २०२१ पासून हिंदमाता परिसरातले पाणी साठवायला दादर आणि परळला मैदानांखाली मोठ्या टाक्या बांधल्या गेल्या. भरती ओसरली की त्यांतले पाणी बाहेर सोडायचे. त्याचा उपयोग होतो, पण टाकीला मर्यादा असते.

एकच पूर घेऊन 'हा हवामानबदलामुळे' असे म्हणणे शास्त्रीय नाही. पण कल मोजता येतो. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांचे सहकारी यांनी २०१७ साली दाखवले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. जगातल्या समुद्राची सरासरी पातळी १९०१ ते २०१८ या काळात सुमारे २० सेंटिमीटर चढली. वीस सेंटिमीटर म्हणजे शाळेतल्या पट्टीहूनही कमी. पण ज्या गटाराचे तोंड भरतीच्या पातळीशी येते, त्या गटाराला तेवढे पुष्कळ होते.

घाई कशाची?

काजळी आणि कार्बन डाय-ऑक्साइड यांत एक मोठा फरक आहे. भट्टी बंद केली की काजळी काही दिवसांत खाली बसते. कार्बन डाय-ऑक्साइडचा मोठा भाग शेकडो वर्षे हवेत राहतो. तो साठत जातो. कारखान्यांच्या युगाआधी हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे २८० भाग होते. १९५८ साली चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावर मोजणी सुरू केली तेव्हा ३१५. २०२४ मध्ये ४२० च्या वर. ते वर्ष नोंदींतले सर्वांत उष्ण ठरले, कारखान्यांच्या युगाआधीपेक्षा सुमारे दीड अंशाने अधिक. भरत चाललेल्या हौदाचा नळ उद्या बंद करू म्हटले तर उद्यापर्यंत पाणी चढतेच. घाई आहे ती यासाठी. मुंबईच्या आराखड्यात २०१९ च्या तुलनेत उत्सर्जन २०३० पर्यंत ३० टक्के, २०४० पर्यंत ४४ टक्के कमी करण्याचे आणि २०५० पर्यंत निव्वळ शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट आहे. देशाचे तेच उद्दिष्ट २०७० चे आहे.

हे जमेल का, या प्रश्नाला गिरणगावाचा इतिहास काही अंशी उत्तर देतो. सोळा वर्षांत मोठा बदल होऊ शकतो, पण नवी ऊर्जा स्वस्त आणि भरवशाची असावी लागते. सौर आणि पवन वीज आज त्या टप्प्यावर येत आहे. नुसता स्रोत बदलून भागत नाही. मागणी बेसुमार वाढली तर सोडलेला कोळसा मागच्या दाराने परत येतो. म्हणून विजेची बचत, सावली देणारी झाडे, वारा खेळेल अशी घरे, भरपूर आणि चांगल्या बसगाड्या यांना तेवढेच महत्त्व आहे.

मुळशीचा धडा मात्र सर्वांत आधी शिकायला हवा. उद्याचे सौर प्रकल्प कोणाच्या तरी जमिनीवर येतील. कोळसा बंद होईल तेव्हा चंद्रपूर-वणीच्या खाणींतल्या आणि वीजकेंद्रांतल्या कामगारांच्या भाकरीचा प्रश्न येईल. गिरणी बंद झाल्यावर घरातली चूल कशी चालते, हे लालबाग-परळच्या घरांना कोणी शिकवायला नको. त्या लोकांशी बोलणे कामाच्या आधी व्हायचे की १९२१ सारखे कामाला सुरुवात झाल्यावर, हे अजून आपल्या हातात आहे. घाईचे कारण सांगून ही चर्चा टाळली, तर कामच अडून बसते आणि घाई फुकट जाते.

वर्गात करून पाहण्यासारखे

१. रिंगेलमन तक्ता: आलेखाच्या कागदावर २०, ४०, ६० आणि ८० टक्के चौकोन काळे करून चार पट्ट्या करा. त्या मैदानाच्या दुसऱ्या टोकाला लावून पाहा. कोणत्या अंतरावर चौकोन दिसेनासे होऊन छटा दिसू लागतात?

२. घरचे वीजबिल: महिन्याची युनिटे मोजा. ती घाटावरच्या पाण्याची असती तर किती हजार लिटर पाणी लागले असते? कोळशाची असती तर किती किलो कोळसा आणि किती कार्बन डाय-ऑक्साइड? दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी लिहा.

३. घरातल्या आजी-आजोबांना विचारा: तुमच्या लहानपणी चुलीत काय जळत होते, दिवा कशावर लागत होता, गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावत होता का? ऊर्जा बदलली तेव्हा घरात कोणाचे काम कमी झाले आणि कोणाचे वाढले?

४. वर्गाचे तीन गट करा: मुळशीचे शेतकरी, परळचे गिरणी कामगार, भीमाकाठचे शेतकरी. प्रत्येक गटाने धरणाबद्दल आपली बाजू मांडावी. चौथा गट ऐकणाऱ्यांचा ठेवावा, आणि शेवटी त्याने एकच ठरवावे: निर्णय घेण्याआधी कोणाला विचारायचे राहून गेले?